येसाईचं पद

करंजवडीला सहलीच्या गाड्या थांबतात त्या येसाईच्या ओसरीपाशी. तीनशे वर्षांपूर्वी या कवयित्रीने इथेच बसून पदं रचली. पाहुण्यांना ती गाऊन दाखवते गावची गिरजाबाई.

यंदा ओसरीवर नवा फलक लागायचा होता. उद्घाटनाला पर्यटन खात्याचे उपसंचालक मुळेसाहेब आले आणि फलक पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. येसाईचं नाव वर मोठ्या अक्षरांत, साहेबांचं तळाशी बारीक.

"माझं नाव वर घ्या, ठळक!" त्यांनी रंगाऱ्याला फर्मावलं.

पदर सावरून गिरजाबाई पुढे आली.

"घेऊ की, साहेब. पण ज्याचं नाव वर, त्याचं पद लोक मला विचारणार. तुमचं पद काय सांगू?"

"उपसंचालक!" साहेब छाती काढून म्हणाले.

"मग पंचाईत आहे. तुमचं पद बदलीच्या एका कागदानं हलतं. आमच्या येसाईचं पद तीनशे वर्षं लोकांच्या ओठांवरनं हललेलं नाही."

पाहुण्यांत हशा पिकला. साहेब आधी लालबुंद झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. रंगाऱ्याला हातानेच थांबवून ते पायरीवर टेकले.

"बाई, ते पद ऐकवा पाहू."

गिरजाबाईने खड्या आवाजात सूर लावला आणि सारी मंडळी टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागली.