निळी पडलेली धार

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात, राजघराण्यातल्या प्रत्येक बाळाचं जावळ एकाच वस्तऱ्याने काढायची रीत होती. तो वस्तरा कुणी घडवला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राजाच्या जावळानंतर चाळीस वर्षं वाड्यात पाळणा हलला नाही आणि वस्तरा पेटीत पडून राहिला. शेवटी एकदाची राजकन्या जन्मली. पेटी उघडली, तर आत नुसता गंज!

राजाने शिकलगाराला बोलावलं. हा गडी तलवारींना अशी चकाकी द्यायचा, की बघणाऱ्याने त्यात पाहून पगडी नीट करावी. त्याचा त्याला तोराही भारी. "आठ दिवसांत आरसा करून देतो, महाराज," तो म्हणाला.

चार दिवस तेल लावून त्याने हलक्या हाताने गंज उतरवला. खालचं पातं दिसलं आणि तो थक्क झाला. ते इतकं पातळ घासलेलं होतं, की नखाने दाबलं तर लवायचं. टिचकी मारली तर देवघरातल्या घंटेसारखा बारीक नाद यायचा. असं काम आपल्या हातून जन्मात झालं नसतं, हे त्याला कळून चुकलं.

पण काळे डाग उरले होते, आणि आरशाचा शब्द दिलेला! पाचव्या दिवशी त्याने पातं फिरत्या चाकावर धरलं, तेही कोरडंच. अर्धं पातं लखलखलं. तेवढ्यात धारेवर निळसर झाक आली आणि शिकलगाराने पातं झटकन उचललं. तलवारीच्या जाड पोलादाला जे खपतं, ते या पात्याला सोसलं नव्हतं. तापून धार मऊ पडली होती.

अशी धार बाळाच्या टाळूवर दुमडली तर? वाईट हे, की चकाकीमुळे धार मऊ पडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. उलट सगळ्यांनी वाहवा केली असती.

तो धावतच वाड्यावरच्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेला. "काका, घात केला मी!"

म्हाताऱ्याने पातं उन्हात धरलं. "मोहरीएवढी धार जळलीय रे. तेवढी ओल्या दगडावर घासून काढ. बोट पात्यावरच ठेव, ऊब लागली की थांब. आत त्या घडवणाऱ्याचं पोलाद अजून तसंच आहे."

तीन दिवस शिकलगार घासत बसला. जेवणाची शुद्ध नव्हती. निळी रेघ गेली, खालून करडं पोलाद वर आलं. त्याने मनगटावरच्या केसाला धार नुसती टेकवली, तोच केस तुटून पडला. शिकलगाराने वस्तरा खाली ठेवला आणि त्या घडवणाऱ्याला हात जोडले. डोळे भरून आले होते त्याचे.

आठव्या दिवशी दरबारात राजाने पातं निरखलं. "अर्धंच का चमकतंय हे? आरसा कुठाय?"

"महाराज, चमकतोय तो भाग माझ्या चुकीचा आहे," शिकलगार म्हणाला. "चकाकीच्या हव्यासात मी धार जाळली. ती घासून काढली, म्हणून पातं मोहरीभर अरुंद झालंय. डाग मात्र ठेवलेत. ते काढत बसलो असतो, तर वस्तराच उरला नसता."

न्हाव्याने राजाकडे पाहून मान डोलावली आणि वस्तरा हाती घेतला. राजकन्या मामाच्या मांडीवर झोपली होती. मऊ जावळ आत्याच्या ओंजळीत पडत गेलं, आणि ती शेवटपर्यंत जागी झाली नाही.

राजाने ते डागाळलेलं पातं पुन्हा एकदा निरखलं. मग त्याने राज्यातली सगळी जुनी हत्यारं दुरुस्तीसाठी शिकलगाराच्या स्वाधीन केली.

म्हणून सांगतो, लहानथोर हो: दुसऱ्याच्या उत्तम कामाची डागडुजी करताना आपला हात दिसू नये, त्याचा दिसावा.