अकरावी खिडकी

तंबाखूच्या वखारीची ही पूर्वेची भिंत बघा. काळ्या दगडाची, एका ओळीत अकरा कमानदार खिडक्या. पाहुणे येतात, "काय देखणं काम!" म्हणतात, फोटो काढतात. देखणं आहेच हो. पण दहा खिडक्या विटांनी का बुजल्यात आणि अकरावीलाच भगदाड का, हे कुणी विचारत नाही.

असे सांगतात, गवंड्यांनी अकराही खिडक्या मोकळ्या ठेवल्या होत्या. पण बायका तंबाखू बडवायला बसल्या की भुकटी वाऱ्यानं बाहेर जायची. तिची तपकीर व्हायची ना! त्या चिमूटभर भुकटीत शेठचा जीव अडकलेला. त्यानं खिडक्या बुजवल्या, दाराला बाहेरून कडी घातली. आत साठ बायका खोकत राहिल्या. मेल्याला उडणारा माल दिसला, गुदमरणारी माणसं दिसली नाहीत.

त्यांतलीच एक लगमाक्का. तिची सून सुंदरा तिच्या शेजारी बडवायला बसायची, सातवा महिना लागलेला. लगमाक्कानं मुकादमाचे पाय धरले, "एक खिडकी तेवढी उघडा, पोर दमतीया."

तो म्हणाला, "हवा खायची हौस असंल तर घरी बसा."

एके दुपारी सुंदरा कोसळली. लगमाक्का दारावर मुठी आपटत सुटली. बाहेरून मुकादमाचा आवाज आला, "भोंगा झाल्याबिगार कडी निघायची न्हाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात तंबाखू बडवायचा दांडका होताच, तो तिनं अकराव्या खिडकीच्या विटांवर घातला. मग बाकीच्या बायकांचेही दांडके पडू लागले. भगदाड पडलं, वारा आत आला. तिनं सुनेचं तोंड वाऱ्याकडे केलं. पण उशीर झाला होता. सुंदरा गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

लगमाक्का रडली नाही म्हणे. तिथंच उभी राहून बायकांना म्हणाली, "ही खिडकी पुन्यांदा बुजू दिली, तर सुंदराला आपुनच मारली."

शेठनं ती तीनदा बुजवली, तिन्ही वेळा विटा खाली आल्या. देवी कोपली अशी आवई उठली. शेठनं नारळ फोडले, बकरं कापलं. कसली देवी अन् कसलं काय! विटा पाडायला बायकांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या.

आजही वखारीचा नवा मालक अधूनमधून गवंडी बोलावतो. विटा दोन दिवस टिकत नाहीत. पाळी कुणाची होती, ते आम्ही घरच्या पुरुषांनाही सांगत नाही. तुम्ही तर पाहुणे.