उकललेलं घर

वेळणच्या खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं, तिथे दोन्ही बाजूंना वाळूचे लांब दांडे आहेत. मध्ये पाणी, पण दोन्ही तीरांच्या वस्तीला नाव एकच, उकलवाडी. होडीतून पलीकडे जाताना पाहुणे हटकून विचारतात की गाव एक की दोन? होडीवाले वसंत कुबल वल्हं थांबवत नाहीत. तोंड कुठे आहे त्यावर अवलंबून, म्हणतात. त्यांच्या लहानपणी हे तोंड पार त्या सुरूच्या झाडांपाशी होतं. मग पुढची गोष्ट ते सांगतात, त्यांच्या आजोळी सांगत तशी.

होड्यांना शिडं होती तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेच्या दांड्यावर जैतू तांडेल राहायचा. त्याची बायको भानुमती. तिचं माहेर समोरच, दक्षिणेच्या दांड्यावर. तिथे तिचा भाऊ उमाजी आणि म्हातारी आई. वाऱ्याची दिशा बरी असली की आईने मारलेली हाक भानुमतीला ऐकू यायची म्हणे.

जैतूच्या वडिलांचं घर एका पावसाळ्यात समुद्राने नेलं होतं. त्याने नवं बांधलं, तर लाटा त्याच्याही अंगणापर्यंत आल्या. तेव्हा जैतूने हट्ट धरला. होड्या भरभरून काळे धोंडे आणले आणि खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून थेट समुद्रात शिरणारा बांध घातला. सगळी वाडी राबली. भानुमतीनेही डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. बांध पुरा झाला त्या दिवशी जैतूने सातेरी देवीपुढे नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून शब्द दिला, "माये, जोपर्यंत माझा घर ह्या पुळणीर उभा आसा, तोपर्यंत ह्या बांधाचो एक धोंडो हलाचो नाय."

बांधाने काम केलं. पावसाळा सरल्यावर वाळू येऊन बसली, ती हललीच नाही. किनाऱ्याची वाळूची पुळण रुंद झाली, मासळी सुकवायला जागा झाली. जैतूला लोक मान देऊ लागले. भानुमती संध्याकाळी दारात बसून त्या नव्या वाळूकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं.

मग समोरच्या तीरावरचे माड पडू लागले.

आधी एक, मग ओळीने. उमाजीची विहीर खारी झाली. तो होडी घेऊन आला आणि पाणीही न पिता म्हणाला, "भावोजी, आमची वाळू तुमच्या बांधात अडाकली. थोडे धोंडे काढा."

"दर्या तुमचो तीर खाता, तेका मी काय करू?" जैतू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. उमाजी बहिणीकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला भानुमती बांधावर चालत गेली. एका बाजूला वाळू धोंड्यांच्या माथ्यापर्यंत चढलेली, दुसऱ्या बाजूला काळं खोल पाणी. लहानपणापासून तिने पाहिलं होतं की वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत येते, तोंडाशी थबकते, ओहोटी तिला बाहेर लोटते, लाटा पुन्हा तीराकडे ढकलतात, आणि असा वळसा घेत ती पलीकडे जाऊन बसते. माहेरची पुळण दरवर्षी अशीच भरायची. आता ती वाळू सासरच्या अंगणात पडून होती, आणि तिला अडवणाऱ्या धोंड्यांच्या काही टोपल्या भानुमतीनेच डोक्यावरून वाहिल्या होत्या.

ती रात्री नवऱ्याशी बोलली. "माका दिसता गे," जैतू म्हणाला, "पण देवीक शब्द दिलंय. चार माणसांत दिलंय."

जैतू दूरच्या मासेमारीला गेला तेव्हा भानुमतीने घरातली भांडी बाहेर काढून वाळूवर मांडली. मग शिडी लावून ती छपरावर चढली आणि माडाच्या विणलेल्या झापांच्या सुंभाच्या दोऱ्या सोडू लागली.

शेजारीण धावत आली. "भानू, वेड लागला काय तुका?"

"त्या बाजूक दोरी धर," भानुमती म्हणाली.

शेजारीण उभीच राहिली. झाप एकेक खाली येत होते. मग तिने पदर खोचला आणि दोरी धरली. पाठोपाठ आणखी बायका आल्या. झाप उतरले, वासे उतरले, कुडाच्या भिंती आडव्या केल्या, खांब वाळूतून उपटले. काहीही मोडलं नाही, सगळं रचून ठेवलं.

जैतूची होडी किनाऱ्याला लागली तेव्हा भानुमती उघड्या आभाळाखाली चुलीवर पेज शिजवत होती. ज्या माणसाने एक घर समुद्रात जाताना पाहिलं होतं, त्याच्यासमोर आता दुसरंही उभं नव्हतं. सगळी वाडी लांब उभी राहून बघत होती.

"घर आता उभा नाय," ती म्हणाली. "आता धोंडे काढलास तरी तुमचो शब्द मोडणा नाय."

"आणि आपण रवाचा खय?"

"ता मगे बघूया."

जैतू खाली बसला. पेज थंड झाली तरी तो बसलेलाच होता. मग उठून बांधावर गेला आणि त्याने वरचा धोंडा उचलून होडीत टाकला. त्याच्यामागे बाकीचे गेले.

पुढच्या पावसाळ्यात उत्तरेचं टोक गेलं, जैतूच्या घराच्या जागेसकट. तोवर ती दोघं रचलेल्या सामानासह वाडीत आत, शेजाऱ्यांकडे राहायला गेली होती. काही म्हणतात, देवीला पळवाट आवडली नाही. काही म्हणतात, घर उभं असतं तर माणसांसकट गेलं असतं. पण थंडी सुरू झाली तेव्हा दक्षिणेला नवी पुळण दिसू लागली. उमाजी होडी घेऊन आला. यावेळी त्याने आधी पाणी मागून घेतलं, आणि म्हणाला, "वाळू तुमचीच आसा. येवा, हयसर घर बांधा." रचून ठेवलेले खांब, वासे, झाप होड्यांतून पलीकडे गेले. भानुमतीची आई किनाऱ्यावर उभी होती. त्या दिवशी तिला हाक मारावी लागली नाही.

आजही ज्या तीराची पुळण जाते, त्या तीरावरचं घर उकलून पलीकडे नेतात. जागेला कोणी नाही म्हणत नाही. आणि नवं घर बांधताना छपराची शेवटची गाठ घरधनीण मारते. गावातल्या बायका खाली उभ्या राहून ती नीट बघतात. गाठ वादळाला पुरली पाहिजे, आणि तिने स्वतः ओढली तर एका हिसक्यात सुटली पाहिजे.