निंबाची कांदाचाळ

एका गावात एक भोळा शेतकरी होता. त्याचं नाव निंबा. सांगितलेलं काम तो कधी अर्धवट सोडत नसे, आणि त्याच्या बायकोचं, ठकूचं, सगळं दुःख तेवढंच होतं.

त्या साली कांदा झकास आला. बांबूच्या फटीफटींच्या चाळीत तो भरून झाल्यावर ठकूने बजावलं, "आवं, यातला एक जरी कांदा सडला ना, मी माहेरी जाईन. परत यायची न्हाई." निंबाने लगेच मान डोलावली. ठकूशिवाय त्याला स्वतःचा सदरा सापडत नसे.

दुसऱ्या दिवशी नवा माठ बाहेरून ओला दिसला. गळतोय बिचारा! निंबाने त्याला डांबर फासलं. दुपारी पाणी कोमट.

"आवं, माठ पाझरतो म्हणून पानी गार ऱ्हातं!" ठकू ओरडली. "त्येची भिंत पाझराया पायजे!"

"आसं व्हय? आदी सांगायचं की."

निंबा चाळीत गेला. कांद्यात हात घातला तर ऊब, आणि भिंती ठणठणीत कोरड्या. त्याने हंडेच्या हंडे पाणी मारलं. ठकू धावत आली म्हणून कांदा उन्हात पसरून कसाबसा वाचला.

"कांद्याला पानी न्हाई, वारा लागतो! फटीतनं शिरतो, कांद्यांवर आपटतो, घुसळतो, आन् पोटातली ऊब घेऊन पल्याड जातो. ऊब कोंडली की सडलं!"

"आसं व्हय? आदी सांगायचं की."

परसात कोंबडी अंड्यांवर बसली होती. निंबाने तिच्याखाली हात घातला. बाप रे, केवढी कोंडलेली ऊब! त्याने कोंबडी हाकलली आणि अंडी सुपात घेऊन वाऱ्याला उभा राहिला.

ठकूने कपाळाला हात लावला. "ज्याला जे लागतं ते द्यावं, धनी. अंड्याला ऊब, कांद्याला वारा, मानसाला आडोसा."

"आसं व्हय? आदी सांगायचं की."

बाजाराच्या दिवशी ठकू पदराने वारा घेत निघाली. "काय मेला उकाडा! या घरात मानूस सडंल."

निंबा हादरला. ठकूच सडली तर? घर कुडाचं होतं, काटक्यांवर माती लिंपलेलं. त्याने सगळी माती खरवडून काढली. वारा आरपार वाहू लागला. पण आता रस्त्यावरून चूलसुद्धा दिसत होती. माणसाला आडोसा लागतो! मग त्याने कांदा घरात आणला, भांडीकुंडी चाळीत नेली आणि तीच माती कालवून चाळीच्या फटी नीट लिंपून टाकल्या.

संध्याकाळी ठकू दारात थबकली. घरभर कांदा.

"आन् आपुन कुठं ऱ्हायचं?"

"चाळीत," निंबा घाम पुसत म्हणाला. "लई आडोसा केलाय."

ठकू सरळ आत शिरली. पदर खोचून ती कांद्याच्या ढिगात बसली आणि एकेक कांदा दाबून पाहू लागली. एक तरी सडका निघावा म्हणून तिने देव पाण्यात घातले होते.

एकही निघाला नाही.