दौलतरावांचा नवा काटा

आमच्या गावचे दौलतराव मोठे बागायतदार, पण फार संशयी. ड्रायव्हर सिद्राम गाडीतून उतरला, की पेट्रोलचा वास येतो का म्हणून त्याचे हात हुंगायचे.

एकदा गाडीतला पेट्रोलचा काटा बिघडला. दौलतरावांनी टाकी गच्च भरली आणि बाजारातला स्वस्तातला काटा आणून बसवून घेतला. सकाळी चावी फिरवून बघतात, तर काटा तळाला!

“चोरा, रातोरात टाकी उपसलीस? नोकरी संपली तुझी!”

“बरं मालक,” सिद्राम म्हणाला. “पण शेजारी बसा. टाकी रिकामी आहे ना? मग गाडी बंद पडेल तिथं मला उतरवा.”

गाडी निघाली. तालुका आला, मागं पडला. गाडी काही थांबेना, आणि काटा तर हळूहळू वर चढायला लागला, बाबांनो!

“मालक, रात्री मी काढलं म्हणता. मग आता भरतंय कोण? माझे दोन्ही हात तर स्टिअरिंगवर आहेत.”

खोटं कशाला सांगू, दौलतरावांनी आधी मागच्या सीटवर वळून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

मग हळूच म्हणाले, “दुकानाकडं घे रे. काटाच उलटा चालतोय.”

नोकरी गेली खरी, पण काट्याची.