उभं सभागृह

"आज तुम्ही प्रार्थना म्हटलीच नाहीत ना, मोशुम?"

डॅरिलने हे विचारलं तेव्हा समारंभ संपून अर्धा तास झाला होता. कॅनडातल्या एडमंटनच्या त्या सभागृहात आम्ही तिघेच उरलो होतो. तो, पहिल्या रांगेत बसून अंड्याचं सँडविच खाणारे इलाय मस्कवा, आणि मागच्या रांगेपासून खुर्च्या मिटत येणारा मी, इथला कामगार.

मोशुम म्हणजे क्री लोकांच्या भाषेत आजोबा; नात्यातले नसले तरी वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. या शहरात परिषद भरली, इमारत उघडली, की मूळच्या लोकांपैकी एखाद्या वडीलधाऱ्याला बोलावतात. ते आपल्या भाषेत प्रार्थना म्हणतात. सगळे उभे राहतात, माना खाली घालतात.

इलाय तेवीस वर्षं हे करत आले. आता घसा साथ देत नव्हता, म्हणून आजचं शेवटचं. पुढे त्यांची ती प्रार्थना डॅरिल म्हणणार होता. आयोजकांना त्याने परस्पर तसं सांगूनही टाकलं होतं.

"मला कळलं सगळं," डॅरिल म्हणाला. "सहा वर्षं शिकलोय मी. उगाच नाही."

"तुझी क्री छान आहे रे. इस्त्रीच्या शर्टासारखी."

"मोशुम, चेष्टा नको."

"बरं. मग काय म्हणालो मी? इंग्रजीतच सांग. या गृहस्थांनी मघापासून एकच खुर्ची धरून ठेवलीय."

मी खुर्ची खाली ठेवली.

डॅरिल माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही म्हणालात, ज्याला माझं बोलणं कळतंय, त्याने खाली बसावं."

"मग?"

"मग थांबलात."

"किती वेळ?"

"बराच..."

ते मलाही आठवत होतं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. अडीचशे माणसं उभी होती.

"दर वेळी हेच म्हणता?"

"नाही. पहिली चार वर्षं प्रार्थनाच म्हणायचो. माझ्या आजोबांची होती. लांबलचक."

"मग?"

इलायनी सँडविचचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला.

"माझी बायको गेली, अ‍ॅग्नेस. घरात बोलायला कोणी राहिलं नाही. एकदा असाच माइकसमोर उभा होतो, आणि मधलीच एक ओळ आठवेना. थांबलो. म्हटलं, एवढी माणसं आहेत, कोणीतरी सांगेल."

"आणि?"

"टाळ्या वाजवल्या. नंतर एक जण येऊन म्हणाला, ती शांतता फार भावली."

इलायनी कागदाची पुडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"पुढच्या वेळी विचारून पाहिलं. ज्याला कळतंय त्याने बसावं. कोणी बसलं नाही. मग विचारतच राहिलो. एकोणीस वर्षं झाली."

"पण ती प्रार्थना..." डॅरिलचा आवाज बदलला. "ती मला देणार होतात ना तुम्ही? मी सगळ्यांना सांगितलंय. माझ्या आईलासुद्धा. तिला शाळेत क्री बोलूच दिली नव्हती, शिक्षा व्हायची. ती ऐकायला येणार आहे, मोशुम."

"एक ओळ गेली, की शेजारची सैल होते. गेल्या हिवाळ्यात म्हणून पाहिली. सुरुवात आली. पुढचं नाही आलं."

"लिहून ठेवली असेल कुठे."

"नाही."

"तुमच्या भावाला येत असेल?"

"तो अ‍ॅग्नेसच्या आधी गेला."

"मग कोणाला तरी..."

इलायनी नुसती मान हलवली.

मी आणखी दोन खुर्च्या मिटल्या. आवाज फार मोठा वाटला, म्हणून थांबलो.

"तू कुठे होतास आज?" इलायनी विचारलं.

"इथेच. तिसऱ्या रांगेत. तुमच्या अगदी समोर."

"ऐकू येत होतं?"

"स्वच्छ."

"कळलं?"

"शब्दन् शब्द. सांगितलं ना."

इलाय त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. तेव्हाही ते रागावलेले नव्हते.

डॅरिलच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"सगळे उभे होते, मोशुम," तो म्हणाला. "प्रार्थनेत एकट्यानेच खाली बसायचं म्हणजे... लोक काय म्हणाले असते?"

"हो."

"मला वाटलं, तुमचा अपमान होईल."

"हो..."

डॅरिल जवळच्या खुर्चीवर बसला. हळूच बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मग आपल्या भाषेत बोलू लागला. बराच वेळ बोलला. मधे अडखळला, पुन्हा मागे जाऊन बोलला. मला एक अक्षर कळलं नाही.

इलाय शेवटपर्यंत ऐकत होते. मग उठले. कोट चढवला, बटणं लावली, आणि इंग्रजीत म्हणाले,

"ऊठ बाळा. यांना खुर्च्या उचलायच्यात."