वेणूचा चिमुकला खडू

ऐका गं बाळांनो, पण मध्येमध्ये बोलायचं नाही. बकुळवाडीत वेणू नावाची एक गुणी मुलगी राहायची. तिची आई केरसुण्या बांधून विकायची, तरी दोन्ही वेळा चूल पेटेलच असं नव्हतं. पण वेणूला वेड होतं लिहिण्याचं. देवळापाशी सुविचाराचा काळा फळा होता, त्यावर रोज आपलं काहीतरी लिहावं असं तिला वाटे. खडू कुठून आणणार? चुन्याच्या खड्याने लिहायची, तर तो मेला दोन अक्षरांत फुटायचा.

एकदा बकुळीच्या बागेत ती हिरमुसून बसली होती. तोच फुलांतून इवलीशी परी उतरली. पंख मोरपिशी, पावलांत दवाचे पैंजण. हवं ते माग म्हणाली. वेणूने खडूच मागितला. परीने गुलाबी, लुकलुकता, चिमुकला खडू दिला आणि बजावलं, "जे पाहून तुझं मन नाचेल, तेच लिही, म्हणजे हा झिजणार नाही. नुसत्या वाहवेसाठी लिहिलंस तर मात्र झिजेल. आणि संपला की दुसरा नाही हो, राणी."

वेणूने खारीच्या पिल्लांचं लिहिलं, तळ्यावरच्या निळ्या चतुरांचं लिहिलं. अक्षरं चमचम करायची. सुविचाराला कधी न थांबणारी माणसं तिथे थांबू लागली. मग काय, पाटलीणबाईंना आपल्या पुरणपोळीचं कौतुक फळ्यावर हवं झालं, वैद्यबुवांना आपल्या काढ्याचं. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं? वेणू लिहीत गेली. लोकांनी वाहवा केली आणि पोरगी चढली हरभऱ्याच्या झाडावर! इकडे खडू झिजत होता.

एके सकाळी पाहते तर काय, तांदळाएवढा तुकडा उरलेला. आता लिहिणंच संपलं तर? त्यात पाटलीणबाईंचा निरोप आला, लेकीच्या साखरपुड्याचं झकास लिही, तुला नवं परकर-पोलकं शिवते. वेणूच्या अंगावर तर ठिगळंच ठिगळं. ती तुकडा मुठीत धरून फळ्यापाशी आली.

तिथे तिच्या मैत्रिणीची, पमाची आई उभी होती. पमा किती महिने आजारी, खाटेवरून उठत नव्हती.

"तुझं वाचून मी पमाला सांगते गं," ती म्हणाली. "हल्ली ती विचारते, वेणू बाहेरचं का लिहीत नाही? बाहेरचं सगळं संपलं का?"

वेणूला रडूच आलं. येताना तिने बाभळीवर सुगरणीचं अर्धं घरटं झुलताना पाहिलं होतं, पमाच्या घरासमोरच. तेच ती लिहू लागली. पाटलीणबाई रागावणार, परकर जाणार, सगळं कळत होतं. खडू मध्येच संपेल या धास्तीने ती श्वास रोखून लिहीत होती. शेवटचं अक्षर काढून तिने भीतभीत मूठ उघडली. तुकडा होता तेवढाच होता.

तोच फळ्याभोवती सोनेरी उजेड पसरला.

"भ्यालीस, तरी मनाचंच लिहिलंस," परी म्हणाली. तिने तुकड्याला बोट लावलं, तो पहिल्यासारखा गुलाबी, अख्खा झाला. आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

पमाच्या आईने घरी जाऊन घरट्याचं सांगितलं. पमा हळूच उठून बसली.

"आई, खिडकी उघड," ती म्हणाली. "मला बघायचंय."

लिहिणाऱ्यांची मनं अशीच नाचत राहोत, आणि ऐकणाऱ्यांना गोड झोप लागो.